बादलीतली झांज

जॅझ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? सॅक्सोफोन, मंद दिव्यांचा क्लब आणि अमेरिका! तेव्हा आपल्या मॅगझिनच्या मराठी विभागात जॅझ ड्रमरचं काय काम, असं कुणीही विचारेल. पण मी ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांचा जन्म १९५१ साली मुंबईत झाला. शाळा माटुंग्याची डॉन बॉस्को. आणि आईचं नाव शोभा गुर्टू. हो, त्याच. बेळगावच्या भानुमती शिरोडकर, लग्नानंतर शोभा गुर्टू झालेल्या, ठुमरीची राणी म्हणून अख्ख्या देशाने ओळखलेल्या. त्यांचा मुलगा म्हणजे त्रिलोक गुर्टू.

ठुमरीत काय असतं? एकच ओळ. गायिका ती पुन्हा पुन्हा घेते. एकदा रुसून, एकदा विनवून, एकदा चिडवून. शब्द तेच, पण अर्थ दरवेळी नवा, आणि तो तिथल्या तिथे सुचलेला. जॅझवाले याला इम्प्रोव्हायझेशन म्हणतात, आपल्याकडे उपज म्हणतात. म्हणजे ज्या गोष्टीसाठी जॅझ जगभर ओळखला जातो, ती या मुलाच्या घरात रोजच्या रियाजात होती. लहानपणी तबला शिकला, मग साठच्या दशकात ड्रमसेट हातात आला. तबला सोडून ड्रम धरले नाहीत हं, तबल्याच्या शेजारी ड्रम ठेवले. हा फरक महत्त्वाचा आहे, पुढे त्याकडे येतेच.

सत्तरच्या दशकात ते युरोपात पोचले आणि डॉन चेरी, चार्ली मारियानो अशा नावाजलेल्या जॅझ वादकांबरोबर वाजवू लागले. १९८४ मध्ये ओरेगॉन या अमेरिकन ग्रुपचा तालवादक कॉलिन वॉलकॉट अपघातात गेला. गंमत बघा, हा वॉलकॉट अमेरिकन असून सतार आणि तबला वाजवायचा. त्याच्या जागी ओरेगॉनने कुणाला घेतलं? त्रिलोक गुर्टूंना. दुसऱ्याची रिकामी जागा भरणं सोपं नसतं, पण त्यांनी त्या ग्रुपबरोबर तीन रेकॉर्ड केल्या. मग गिटारवादक जॉन मॅक्लॉफलिनच्या त्रयीत ते आले. १९८९ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये झालेल्या त्यांच्या कार्यक्रमाची रेकॉर्ड आजही ऐकायला मिळते. स्टेजवर फक्त तिघंच! पण कान देऊन ऐकलं तर पाच-सहा जण वाजवताहेत असं वाटतं.

संगीतकार म्हणून त्यांची स्वतःची पहिली रेकॉर्ड १९८८ सालची, ‘उस्फ्रेट’. त्यात डॉन चेरीचा ट्रम्पेट आहे आणि आईचा आवाजही आहे. पहिल्याच रेकॉर्डवर आईला बोलावलं! पुढे ‘क्रेझी सेंट्स’, ‘आफ्रिकन फँटसी’ अशा कितीतरी रेकॉर्ड आल्या. इटलीच्या एका स्ट्रिंग क्वार्टेटबरोबरही त्यांनी काम केलं. ‘डाउनबीट’ हे अमेरिकेतलं जॅझचं मानाचं मासिक. त्याच्या समीक्षकांनी त्यांना एकदा नाही, अनेकदा सर्वोत्कृष्ट तालवादक ठरवलं.

आता आपल्या कामाचा भाग. गुर्टूंची बसण्याची पद्धत बघा. ड्रमर स्टुलावर बसतो, तबलजी मांडी घालतो. हे दोन्ही करत नाहीत. जमिनीवर अर्धवट गुडघ्यावर टेकतात, भोवती ड्रम, तबला, झांजा, घंटा सगळं मांडलेलं, आणि बाजूला पाण्याची एक बादली. साधी बादली! वाजती झांज ते त्या पाण्यात बुडवतात आणि सूर घसरत खाली येतो. का? मेकॅनिकलवाले लगेच सांगतील. पाण्यात झांज एकटी थरथरत नाही, जवळच्या पाण्यालाही सोबत हलवते. वस्तुमान वाढलं की वारंवारिता उतरते. व्हायब्रेशनच्या पेपरला आपण हेच सूत्र घोकतो आणि पेपर झाल्यावर विसरतो.

पण हे सूत्र मी त्याआधी पाहिलं होतं, फक्त ते सूत्र आहे हे ठाऊक नव्हतं. माझं गाव सुलतानपूर, लोणार तालुक्यातलं, बुलडाणा जिल्हा. गावाकडे सप्ताहात कीर्तनाआधी मृदंगवाले काका डाव्या पुडीला भिजवलेली कणीक लावतात. थाप मारून बघतात, थोडी काढतात, पुन्हा लावतात. कणकेने वस्तुमान वाढतं, आवाज खर्जात जातो. तबल्याची शाईही याच घराण्यातली. साध्या चामड्याचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, पण मधोमध शाई बसवली की ते सुरात येतात. हे सर सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं. म्हणजे बादली, शाई आणि कणीक, तिघांचं गणित एकच.

आणि कीर्तनात नुसतं गणित नसतं. महाराज पुढच्या क्षणी कुठला अभंग उचलतील, कुठे थांबतील, हे काकांच्या हातात कुठे असतं? तरी बरोबर समेवर थाप पडते. कारण ठेका अंगात मुरलेला असतो. मनाला येईल ते वाजवणं म्हणजे उपज नव्हे. चौकट इतकी पक्की हवी की तिच्याकडे बघावंच लागू नये, मग समोरच्याकडे बघता येतं. गुर्टू आणि मॅक्लॉफलिन स्टेजवर एकमेकांना तोंडाने बोल म्हणून दाखवायचे, सवाल-जवाबासारखे. एक इंग्लंडचा, एक मुंबईचा, आणि मधली भाषा तबल्याची!

हे सगळं मी का लिहितेय? आमच्याकडे इंग्रजी माध्यमाच्या कुठल्याही शाळेला ‘कॉन्व्हेंट’च म्हणतात, आणि मी त्यातलीच. शाळेत मराठी बोललं की दंड, आणि गावात इंग्रजी बोललं की ‘लय शायनी झाली’. हॉस्टेलला आले तर इथे तिसरीच तऱ्हा. फर्स्ट इयरला ‘काहून?’ म्हणणारी मुलगी दोन महिन्यांत ‘का गं?’ म्हणायला लागते, आणि घरून फोन आला की बोलायला जिन्यात जाते, आपलं बोलणं कुणाच्या कानावर पडू नये म्हणून. प्रत्येकीने मनातल्या मनात ठरवलेलं असतं की पुढे जायचं तर मागचं गुपचूप ठेवून द्यायचं. स्टूल हवं असेल तर मांडी मोडा.

गुर्टूंच्या कारकिर्दीतून मला कळलेली गोष्ट एवढीच, की तिसरी बैठकही असू शकते. ती कुठल्या दुकानात मिळत नाही, आपल्या अंगाला जुळेल तशी आपणच बसवून घ्यावी लागते, आणि सुरुवातीला गुडघे दुखतातच. पण मग आईची ठुमरी लंडनच्या हॉलमध्ये ओझं होत नाही, उलट तीच कामी येते.

तेव्हा मैत्रिणींनो, जिन्यात जाऊ नका. रूममध्येच बसून बोला, मोठ्याने बोला. आणि मित्रांनो, हेडफोनमध्ये एखाद्या रात्री गुर्टूंना ऐकून बघा. पाण्यात बुडणाऱ्या झांजेचा आवाज आला की वारंवारितेचं सूत्र आठवा. मार्क मिळतीलच असं नाही, पण विसरणार मात्र नाही!