आवळलेली मूठ

अंगठ्याच्या बुडाशी माझा सांधा झिजला आहे. रुग्णाची आवळलेली मूठ धरून ठेवणं आता मला जमत नाही. ऑक्युपेशनल थेरपीत आयुष्य गेल्यावर हे फार लागलं, कारण मूठ उघडणं हा माझा अभिमान होता. अंगावरून वारं गेलेल्या माणसाचा हात मी मनगट वाकवून, अंगठा बाजूला घेत मोकळा करायचे, आणि घरची माणसं माझ्याकडे बघत राहायची. ती नजर मला आवडायची. अजूनही आवडते.

पण तो हात उघडलेला नसतो, मी उघडलेला असतो. रुग्ण चालू लागला, घाबरला, शिंकला की बोटं पुन्हा आत. जांभईबरोबर लुळा हात आपोआप वर येतो, तेव्हा घरचे हरखतात. त्यांना खरं सांगताना जीव जड होतो. ताणून धरण्याने आखडलेल्या सांध्यांना म्हणावा असा फायदा होत नाही, असं कोक्रेन या संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या 2017 च्या आढाव्यात स्पष्ट म्हटलं आहे. तरी आमच्याकडे निम्मा वेळ ताणण्यातच जातो.

ताठरपणाआड दुबळेपणा लपतो. ताठरपणा मोजणारी अ‍ॅशवर्थची श्रेणी आपण इमानाने लिहितो, पण बोटं उचलणारे स्नायू मुके आहेत, याची नोंद कुठे असते? बोटॉक्सने साधारण तीन महिने सैलपणा मिळतो. तेवढ्यात त्या मुक्या स्नायूंना काम दिलं नाही, तर पैसे पाण्यात. आणि चांगला हात बांधून दुबळ्याला राबवण्याच्या ज्या उपचाराचं एवढं कौतुक झालं, त्याच्या 2006 च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत मनगट आणि बोटं स्वतःहून निदान 10 अंश उघडणाऱ्यांनाच प्रवेश होता. ज्यांचं एक बोटही हलत नाही, ते दाराबाहेरच. माझ्याकडे येतात ते बहुतेक हेच.

गेल्या वर्षी एक कासारीण आली. डावी बाजू गेलेली. आयुष्यभर गिऱ्हाइकाचा हात डाव्या हातात धरून तिने उजव्याने बांगड्या चढवल्या होत्या. माझी विद्यार्थिनी तिची बोटं ओढत होती. बाई म्हणाली, "पोरी, जोर केला की हात आवळतो. बोलण्यात गुंतवायचं, हात सैल पडला की बांगडी आपसूक जाते." त्या दिवसापासून विद्यार्थिनीने ओढणं सोडलं. टेबलावर बाईचा हात टेकवून, गप्पा मारत, वाट बघत बसायची. मग बांगड्यांचा जुडगा हातात द्यायचा आणि सांगायचं, आता ठेवा. घेणं बाईला लवकर जमलं. ठेवायला कित्येक आठवडे लागले. मला मत्सर वाटला, हे लिहितेच. त्या मुलीच्या हातात माझ्यासारखा जोर कधीच नव्हता, आणि ती मूठ तिच्यासमोर स्वतःहून सुटली.

गल्लोगल्ली करंट देणारी सेंटरं निघाली आहेत. रुग्ण पडून, मशीन चालू, थेरपिस्ट दुसऱ्या खोलीत. बोटं उठवणाऱ्या स्नायूंना करंट देऊन त्याच क्षणी रुग्णाला उघडायला लावलं तर त्याचा उपयोग आहे. नुसता लावून ठेवला तर नाही. तेल चोळणाऱ्यांचा मला एवढा राग नाही, ते निदान माणसाशी बोलतात.

सगळ्यात राग येतो रबरी चेंडूचा. व्यायामाने ताठरपणा वाढतो ही आमच्या पेशातली जुनी भीती आता उरलेली नाही, त्यामुळे चेंडू दाबून मूठ बिघडते असं मी म्हणणार नाही. पण आवळणं त्या हाताला येतंच. दिवसभर तेच घोटवून सोडणं येत नाही. कासारीणबाईंचा हात पूर्ण परत आला नाही. गिऱ्हाइकाचा हात त्या आता मांडीवर टेकवून घेतात, डाव्याने नुसता सावरतात, आणि वेळेवर सोडतात.

घरात असा रुग्ण असेल तर एवढं करा: चेंडू बाजूला ठेवा, हातात रिकामा प्लास्टिकचा पेला द्या आणि तो खाली ठेवायला सांगा. बोटं ओढू नका. वेळ लागेल, तो द्या.