पेट्रोलपंप जातो, पेट्रोल राहतं

पेट्रोलपंप बंद होतो म्हणजे नेमकं काय होतं? मशीनं उचलतात, छप्पर उतरतं, पत्र्याचं कुंपण येतं आणि वर्षा-दोन वर्षांत तिथे 'सँपल फ्लॅट तयार'चा बोर्ड लागतो. खडकीतून जाणाऱ्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्यासारख्या ठिकाणी जागेला सोन्याचा भाव, त्यामुळे असं कुठेही होऊ शकतं. पण बोर्डावर न लिहिलेलं बरंच काही जमिनीखाली असू शकतं. आज त्याविषयी.

पंपाच्या टाक्या जमिनीत पुरलेल्या असतात. जुन्या लोखंडी टाक्या गंजतात, पाइपांचे सांधे ढिले होतात आणि पेट्रोल थेंबथेंब झिरपत राहतं. आमच्या भाषेत हा मेमरी लीक. फक्त इथे रिस्टार्ट मारून भागत नाही.

थोडं गणित करू. आपल्या पेट्रोलमध्ये १ टक्क्यापर्यंत बेंझीन चालतं. हा कॅन्सरकारक पदार्थ, त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम ठेवलीय. १ लिटर पेट्रोलमध्ये १० मिली, म्हणजे साधारण ८.८ ग्रॅम बेंझीन. ते सगळं विरघळलं असं धरलं तर ८.८ लाख लिटर पाणी मर्यादेपर्यंत पोचतं. १० हजार लिटरचे ८८ टँकर! आणि बेंझीनचा वास नाकाला कळायच्या खूप आधीच ही मर्यादा ओलांडलेली असते.

पुण्याच्या खडकात हे प्रकरण आणखी किचकट होतं. वर मुरूम, खाली बेसॉल्ट. कातळात पाणी फक्त भेगांमधून आणि मांजऱ्या खडकातून फिरतं. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते वर तरंगतं. पावसाळ्यात पातळी चढते, उन्हाळ्यात उतरते, आणि पेट्रोल तिच्यासोबत वरखाली होत खडकाला माखत जातं. भेग कुठे जाते हे वरून दिसत नाही. शेजारची बोअर ठणठणीत आणि दोन गल्ल्या पलीकडची बाद, असंही होऊ शकतं.

मग साफ कसं करायचं? आधी टाकी आणि आजूबाजूची माखलेली माती काढायची. मग तरंगणारं पेट्रोल उपसायचं. जमिनीतली वाफ पंपाने ओढायची, पाण्यात हवा सोडून बेंझीन उडवायचं, पाणी बाहेर काढून कोळशाच्या फिल्टरमधून न्यायचं. उरलेलं जिवाणू खातात, पण त्यांना ऑक्सिजन लागतो आणि वेळ लागतो. गंमत म्हणजे पेट्रोलमध्ये इथेनॉल असलं की जिवाणू आधी तेच फस्त करतात, ऑक्सिजन संपवतात आणि बेंझीन मागे ठेवतात. आता आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, तेव्हा ही गोष्ट आपल्यालाही लागू.

वेळ किती लागतो? कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका शहराचं उदाहरण घ्या. टाक्या आणि पाइपलाइनींतून गळलेल्या पेट्रोलमधलं एमटीबीई हे रसायन तिथल्या चार्नॉक विहिरींत सापडलं. १९९६ मध्ये त्या बंद झाल्या आणि शहराला साधारण निम्मं पाणी बाहेरून विकत घ्यावं लागलं. शुद्धीकरण प्रकल्प उभा राहून ते पाणी पुन्हा वापरात यायला २०१० ची अखेर उजाडली. पैसा असलेल्या शहराला चौदा वर्षं!

आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये नव्या पंपांसाठी शाळा, दवाखाने आणि वस्तीपासूनचं अंतर ठरवून दिलं. उत्तम. पण बंद पडलेल्या पंपाच्या जागेवर फ्लॅट बुक करताना आपण काय विचारतो? वास्तू, पार्किंग, क्लब हाऊस. 'आधी इथे काय होतं, आणि टाक्या काढल्या तेव्हा माती-पाणी तपासलं का?' हे विचारलं तर बिल्डर दचकेल, दचकू दे. त्याच आवारात सोसायटीची बोअर असेल आणि उन्हाळ्यात तिच्यावर भिस्त असेल, तर बेंझीनची चाचणी आधी मागा. वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेणाऱ्या माणसाने एवढा एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे?