कोरी जागा आणि शून्य

उत्तन, पाली आणि चौक या मीरा-भाईंदरच्या किनारी गावांतील होड्यांच्या हिशेबवह्या संगणकावर उतरवताना सर्वांत अवघड ठरते ती कोरी जागा. विदा-व्यवस्थापन, म्हणजे नोंदी पुढे कोणालाही नेमक्या अर्थाने वाचता येतील अशा जपण्याची विद्या, विद्यापीठांत आराखडे लिहून शिकवली जाते. पण डोळ जाळ्याच्या, म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीत तोंड उघडे ठेवून बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्याच्या, वहीत एका कोऱ्या दिवसाचे किमान चार अर्थ निघतात. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याची ओढ मंदावते आणि होडी किनाऱ्यालाच राहते. पावसाळ्यात सरकारी बंदी असते. कधी जाळे ओढूनही बोंबील लागत नाही. आणि कधी मासळी भरपूर येऊनही लिहिणारा लग्नाला गेलेला असतो. यांपैकी शून्य फक्त तिसरे.

होडीचा प्रमुख, म्हणजे नाखवा, हा भेद तिथीवरून ओळखतो, कारण तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ तासांत मिळते, हा हिशेब किनाऱ्यावर तोंडपाठ असतो. इंग्रजी तारखेच्या रकान्यात मात्र तिथी गळून पडते आणि तिच्याबरोबर कोऱ्या जागेचे कारणही. 1947 साली स्थापन झालेली केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्था मासळी उतरते त्या बंदरांवर निवडक दिवशी पाहणी करून एकूण उत्पादनाचा अंदाज बांधते. तिथे न पाहिलेला दिवस आणि मासळी न आलेला दिवस एकच धरले, तर अंदाजच कोसळेल. मोबाइलवरील ज्या ॲपमध्ये रकाना भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही, त्यात थकलेला खलाशी शून्य दाबून मोकळा होतो. अशा सोयीला प्रगती म्हणणे प्रस्तुत लेखकाला मान्य नाही.

तरीही या लेखकाचा स्वतःचा दोष याहून मोठा आहे. कोऱ्या जागा मागच्या-पुढच्या दिवसांच्या सरासरीने भरून त्याने केलेली देखणी प्रत अनेक वर्षे वाखाणली गेली, ते कौतुक त्याला हवेहवेसे होते, आणि वाळवी लागलेल्या मूळ वह्या त्याच्याच सांगण्यावरून रद्दीत गेल्या. नजर अधू झाल्यावर हाताखाली घेतलेल्या विद्यार्थिनीने त्या प्रतीला तिथी लावून पाहिल्या, तेव्हा भर भांगातही बोंबलाच्या टोपल्याच टोपल्या निघाल्या. ती आता प्रत्येक कोऱ्या जागेसमोर कारणाचा वेगळा रकाना ठेवते आणि कारण न कळल्यास ‘माहीत नाही’ असे लिहिते. जुन्या प्रतीतल्या कोणत्या टोपल्या खऱ्या आणि कोणत्या सरासरीच्या, हे विचारायला ती येते, तेव्हा प्रस्तुत लेखकाकडे उत्तर नसते.