घराण्यात कुणाला कोड आहे का?

मला कोड आहे. बोटांच्या पेरांवर, ओठांच्या कडेला, गुडघ्यांवर आणि घोट्यांभोवती. या चट्ट्यांमुळे ताकद, भूक, झोप कशातच फरक पडत नाही. उन्हात तेवढी जागा पटकन भाजते, म्हणून मे महिन्यात लांब बाह्या आणि सनस्क्रीन लागतं. एवढ्यावर भागलं असतं तर लिहिण्यासारखं फारसं काही नव्हतं. पण कोड असलेल्या माणसाला स्वतःच्या त्वचेपेक्षा जास्त जड जातो तो त्याच्यापायी घरातल्या इतरांना विचारला जाणारा प्रश्न. बहिणीचं, भाचीचं, पुढे मुलांचं लग्न ठरवताना समोरची माणसं पत्रिका मागावी तितक्या सहज विचारतात, ‘घराण्यात कुणाला कोड आहे का?’ पुण्यातल्या डॉ. माया तुळपुळे यांच्या ‘श्वेता’ संस्थेने आणि सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘नितळ’ या चित्रपटाने हा विषय मराठी घरांत उघडपणे बोलायला लावला, तरी प्रश्न अजून विचारला जातोच. त्यामागची समजूत अशी, की कोड रक्तात असतं, ते खाली उतरतं, आणि ज्या घरात ते एकदा दिसलं ते घरच सदोष. माझं म्हणणं असं, की जनुकशास्त्राने गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे दाखवलं आहे त्यात या समजुतीला आधार नाही. आणि हे सांगण्यासाठी कोडाचा आनुवंशिकतेशी काही संबंधच नाही, असं खोटं बोलण्याचीही गरज नाही.

हे दुसरं मला महत्त्वाचं वाटतं, कारण आमची बाजू घेणारे लोक पुष्कळदा तेच बोलतात. हेतू चांगला असतो. पण ज्याच्या आत्याला आणि चुलतभावालाही कोड आहे त्याला ते पटत नाही, आणि एकदा ते पटलं नाही की बाकीचं खरंही तो ऐकत नाही. जगात अर्धा ते एक टक्का लोकांना कोड असतं. युरोपीय वंशाच्या कुटुंबांच्या अभ्यासांत रुग्णाच्या सख्ख्या भावंडांमध्ये हे प्रमाण सहा-सात टक्क्यांच्या घरात आढळलं. म्हणजे धोका वाढतो, आणि कित्येक पटींनी वाढतो. पण त्याच आकड्याची दुसरी बाजू अशी, की शंभरातल्या नव्वदहून अधिक भावंडांना कोड होत नाही. याहून बोलकी गोष्ट एकबीज जुळ्यांची आहे. दोघांची जनुकं जवळपास तंतोतंत सारखी, तरी एकाला कोड असताना दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साधारण 23 टक्के होतं. सगळा वारसा सारखा असूनही चारांतल्या तिघा जुळ्यांची त्वचा जशीच्या तशी राहत असेल, तर मावशीच्या चट्ट्यावरून भाचीचं भविष्य सांगणं कसं शक्य आहे?

जिथे जनुकं खरोखर स्पष्ट उत्तर देतात असे रंगाचे विकारही आहेत आणि लोक त्यांची कोडाशी गल्लत करतात. जन्मतःच कपाळावर पांढरी बट आणि अंगावर न बदलणारे पांढरे पट्टे असतील तर तो बहुतेक ‘किट’ या एका जनुकातल्या बिघाडाचा परिणाम असतो. आईवडिलांपैकी एकाला तो असेल तर प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी असते. सर्वांगाचा रंग जन्मापासून नसणं, म्हणजे अल्बिनिझम, यात बहुधा आईवडील दोघांकडूनही सदोष जनुक यावं लागतं. कोडाचं तसं नाही. अमेरिकेतले रिचर्ड स्प्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो रुग्णांचे जनुकीय नमुने तपासले आणि 2016 पर्यंत कोडाशी जोडलेल्या पन्नासच्या आसपास जनुकीय जागा हाती लागल्या. प्रत्येकीचा वाटा लहान. यातल्या बऱ्याचशा जागा रंगाच्या नाहीतच, त्या प्रतिकारशक्तीच्या आहेत. कोडात रंग बनवणाऱ्या मेलॅनोसाइट पेशींमध्ये जन्मजात खोट नसते; शरीराच्याच पांढऱ्या पेशी त्यांना परकं समजून मारतात. एकाच घरात बरेच रुग्ण असले तरी त्यामागे सहसा एखादं दुर्मीळ, भयंकर जनुक सापडत नाही. सर्वांमध्ये विखुरलेले तेच सामान्य फरक त्या घरात जरा जास्त संख्येने एकत्र आलेले असतात.

रंगाशी थेट संबंध असलेली जी थोडी जनुकं या यादीत आहेत, त्यांतलं एक मला फार मोलाचं वाटतं. टायरोसिनेज हे मेलॅनिन तयार होण्याच्या पहिल्याच पायरीवर काम करणारं एन्झाइम. ते घडवणाऱ्या जनुकाची दोन रूपं प्रचलित आहेत. एका रूपातून नीट काम करणारं एन्झाइम मिळतं, दुसऱ्यातून किंचित दुबळं. हे दुबळं रूप प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांत आढळतं. 2010 साली स्प्रिट्झ यांच्या गटाने दाखवलं की कोडाचा धोका जोडलेला आहे तो पहिल्या, धडधाकट रूपाशी. दुबळ्या रूपामुळे कोडापासून थोडं संरक्षण मिळतं, पण मेलॅनोमा या त्वचेच्या घातक कर्करोगाचा धोका वाढतो. याचं स्पष्टीकरण असं दिलं जातं, की धडधाकट एन्झाइमचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर जास्त मांडले जातात आणि पहारा देणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या ते नजरेस पडतात. तोच पहारा बिघडलेल्या पेशींना वेळीच मारतो आणि कधी कधी निर्दोष पेशींवरही तुटून पडतो. मेलॅनोमाच्या रुग्णांना प्रतिकारशक्ती चेतवणारी औषधं दिली की काहींच्या अंगावर कोडासारखे चट्टे उमटतात, आणि असे चट्टे उमटलेले रुग्ण सरासरीने जास्त जगतात, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. म्हणजे ज्याला घराण्याचा डाग म्हणतात त्यातला हा भाग प्रश्न विचारणाऱ्याच्या अंगातही जवळपास नक्कीच आहे, कारण आपल्याकडे हेच रूप सर्रास आढळतं.

यावर आक्षेप येईल की भारतात मेलॅनोमा मुळातच विरळा. मग त्यापासूनच्या संरक्षणाचं आम्ही काय करायचं? आक्षेप बरोबर आहे. ओठांवरचे चट्टे बघून कुणाला कर्करोगाच्या आकडेवारीने दिलासा मिळत नाही, मलाही मिळत नाही. हा पुरावा मी वेगळ्या कारणासाठी पुढे करतो. जो गुण एका बाजूने जीव वाचवतो आणि दुसऱ्या बाजूने रंग नेतो, त्याला वंशाचा दोष म्हणणं शास्त्राला धरून नाही.

मग जनुकं सगळं ठरवत नाहीत तर ठरवतं कोण? इथे आपल्याकडे दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याचं कारण हमखास पुढे येतं, आणि ते निराधार आहे. खरी माहिती असलेली कारणं स्वयंपाकघराबाहेर आहेत. टिकलीच्या गोंदात असणाऱ्या पॅरा-टर्शरी-ब्युटिल फिनॉलमुळे कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा डाग पडतो, हे भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी वारंवार नोंदवलं आहे. रबरी चपलेच्या पट्ट्याखालीही तसं होतं. 2013 मध्ये जपानमध्ये रोडोडेन्ड्रॉल घातलेली त्वचा उजळवणारी प्रसाधनं बाजारातून परत घ्यावी लागली, कारण ती वापरणाऱ्या हजारो बायकांच्या चेहऱ्यावर आणि हातांवर पांढरे चट्टे उठले होते. त्या रसायनाचं विषारी पदार्थात रूपांतर करत होतं ते टायरोसिनेजच. गोरेपणाच्या ओढीने लावलेल्या मलमाने बायकांचा रंगच नेला, हे वाचून मला संताप आला होता, अजूनही येतो. अशा डागांतले काही ती वस्तू सोडल्यावर भरतात, काही कोडासारखेच पसरत राहतात. अंगात थोडीफार प्रवृत्ती, वर एखादा आघात, आणि मग प्रतिकारशक्तीची चुकलेली दिशा, असा हा क्रम दिसतो. नियतीपेक्षा त्यात योगायोगाचा भाग मोठा आहे.

सर्वांत प्रामाणिक आक्षेप शेवटचा. जोडीदाराला आजाराची माहिती मिळण्याचा हक्क नाही का? आहे. ज्या व्यक्तीशी लग्न करायचं तिला कोड असेल तर तिने सांगावं. लपवलेलं कोड दोघांनाही छळतं. पण सहा-सात टक्क्यांच्या शक्यतेसाठी ज्यांना काहीच झालेलं नाही अशा बहिणी-भाच्यांना नाकारायचं असेल, तर तोच न्याय सगळीकडे लावावा लागेल. कोडाशी जोडलेल्या जनुकांपैकी कित्येक थायरॉइडचे आजार, टाइप वन मधुमेह आणि आमवात यांच्याशीही जोडलेली आहेत. आत्याला थायरॉइडची गोळी चालू आहे म्हणून स्थळ मोडल्याचं मी ऐकलेलं नाही. प्रश्न विचारणाऱ्याला आनुवंशिकतेची चिंता असती तर त्याने आधी तिथे विचारलं असतं. त्याला चिंता आहे ती दिसण्याची, आणि ती त्याने जनुकांच्या नावावर खपवू नये.

या आनुवंशिकतेचा खरा उपयोग दवाखान्यात आहे, आणि तिथे तो फार कमी केला जातो. कोड असलेल्यांत थायरॉइडचे विकार इतरांहून बरेच जास्त आढळतात, म्हणून कोडाचं निदान होताच टीएसएचची तपासणी व्हायला हवी. रुग्णाच्या भावंडांना थकवा, वजनात बदल, केस गळणं असं काही जाणवलं तर त्यांचीही. उपचारही लवकर सुरू व्हायला हवेत, कारण परत येणारा रंग मुख्यतः केसांच्या मुळांशी शिल्लक असलेल्या पेशींपासून येतो. अतिनील किरणांच्या उपचारात चट्ट्यात केसाभोवती आधी बारीक ठिपके दिसतात ते याचमुळे, आणि केस नसलेल्या ओठांवर, बोटांच्या टोकांवर गुण यायला वेळ लागतो तेही याचमुळे. 2022 मध्ये अमेरिकेत रुक्सोलिटिनिबच्या मलमाला कोडासाठी मान्यता मिळाली. ते पांढऱ्या पेशींना मेलॅनोसाइटकडे बोलावणारा संदेश अडवतं. घरात कुणाला कोड आहे का, हे त्वचारोगतज्ज्ञाने विचारलं तर मी सगळी नावं सांगतो, आत्यापासून चुलतभावापर्यंत, कारण त्या उत्तरावर कुणाची कोणती तपासणी करायची हे ठरतं.