नजर समोर, लक्ष भलतीकडे

गाडी चालवणाऱ्या पेशंटना मी चष्म्याचा नंबर, शुगर, झोप यांबद्दल नेहमी विचारतो. अलीकडे त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे: गाडीत स्क्रीन आहे का, आणि चालवताना तुम्ही ती कितीदा हाताळता? पेशंट हसतात. पण हा प्रश्न मेंदूचा आहे, म्हणजे आमच्याच खात्यातला.

जुन्या रेडिओचे बटण न बघता, चाचपून फिरवता यायचे. टचस्क्रीन सपाट असते, बोट कुठे टेकवायचे ते पाहावेच लागते. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी दोन सेकंदांत सुमारे ५५ मीटर पुढे जाते. गाणे बदलायला तेवढा वेळ नजर वळवलीत, तर तेवढे अंतर तुम्ही न बघता कापलेत. अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली ३० नव्या गाड्यांमधील अशा यंत्रणा तपासल्या. नकाशात पत्ता टाकायला चालकांना सरासरी ४० सेकंद लागत होते.

"पण डॉक्टर, आम्ही तर नुसते बोलून सांगतो," असे तुम्ही म्हणाल. माझ्या भाच्याचेही हेच म्हणणे होते. खंडाळ्याच्या घाटात तो गाडीला 'आईला फोन लाव' असे सांगत होता. गाडीला कळेना, म्हणून त्याने पुन्हा सांगितले, मग तिसऱ्यांदा. तेवढ्यात पुढच्या ट्रकचे ब्रेकलाइट लागले. मी ओरडलो तेव्हा त्याने ब्रेक दाबला. थोडक्यात वाचलो. नंतर तो म्हणाला, "मामा, मी समोरच बघत होतो हो!"

तो खोटे बोलत नव्हता. डोळ्यांनी दिवे टिपले होते, पण मेंदू दुसऱ्या कामात होता. मेंदू अशी दोन कामे एकाच वेळी करत नाही, एकावरून दुसऱ्यावर उड्या मारतो. मन गुंतलेले असेल तर डोळ्यांसमोरचेही 'दिसत' नाही. शिवाय लक्ष लगेच परतत नाही. याच संशोधकांना २०१५ मध्ये आढळले की, काही यंत्रणांना आवाजी सूचना दिल्यावर लक्ष पुरते परत यायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागतो.

गाणी ऐकूच नका, असे मी म्हणत नाही. पत्ता, गाणी, एसी हे सगळे गाडी सुरू करण्याआधी लावून घ्या. वाटेत बदल हवा असेल तर शेजारच्याला सांगा. एकटे असाल तर सुरक्षित जागी थांबा. सिग्नलला थांबल्यावर केले तरी चालेल, असे समजू नका. दिवा हिरवा होतो तेव्हा मन स्क्रीनवरच असते.

आणि घरच्यांनो, थोडे तुमच्याही हातात आहे. आपले माणूस गाडी चालवत आहे हे माहीत असेल, तर फोन करू नका. त्याने उचललाच, तर "पोहोचल्यावर बोलू" एवढेच म्हणा आणि ठेवून द्या.