व्हायोलिनचे पोट

व्हायोलिन ही वस्तू कानांनी ऐकावयाची, असा आम्हा गिरगावातल्या चाळकऱ्यांचा समज. परवा माझ्या कन्येने संगणकाच्या पडद्यावर दोन व्हायोलिने शेजारी शेजारी उभी केली आणि म्हणाली, "बाबा, हा कुलाब्याचा पाऊस आणि हा सांताक्रूझचा!"

संख्याशास्त्रातील ही आकृती फार जुनी नव्हे. जॉन टुकी या पंडिताने पाच आकड्यांत सारा संसार आटोपणारी पेटी रूढ केली होती. हिंट्झे व नेल्सन यांनी 1998 साली त्या पेटीभोवती हे व्हायोलिन चढविले. रीत सोपी आहे. प्रत्येक नोंदीच्या जागी एक लहानसा उंचवटा मांडावयाचा, साऱ्या उंचवट्यांची बेरीज करावयाची, आणि येणारी वक्ररेषा आरशातल्यासारखी दुसऱ्या बाजूसही उतरवावयाची. नोंदींची दाटी असेल तेथे पोट सुटते, विरळ असतील तेथे मान निघते. उंचवटा किती रुंद धरावा, हे मात्र ज्याच्या त्याच्या विवेकावर. फार रुंद धरला तर दोन पोटांचे एक होऊन जाते. कन्येच्या पहिल्या आकृतीत तर पोट शून्याच्याही खाली लोंबत होते. म्हणजे उणे पाऊस! मी मनमुराद हसलो. "शेपूट छाटायची राहिली," असे म्हणून तिने ती छाटली.

पावसाळ्यातील रोजच्या पावसाची ती दोन व्हायोलिने तळाशी लठ्ठ, वर निमुळती. जणू जुळ्या बहिणीच. फक्त सांताक्रूझच्या मानेवरून केसासारखी एक तार उंच, फार उंच गेली होती.

ती 26 जुलै 2005 ची. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्याला अवघा 73. आम्हा गिरगावकरांचे आभाळ कुलाब्याचे. माझे काम त्या दिवशी छत्रीवर भागले होते. पुढे महाविद्यालय उघडले तेव्हा कुर्ल्याचा एक विद्यार्थी वहीवाचून वर्गात आला. "पाऊस आमच्याकडेही पडला हो," असे मी त्याला साऱ्या वर्गादेखत सुनावले. तो काही बोलला नाही. त्याचे घर छपरापर्यंत बुडाले होते, हे मला दुपारी शिपायाकडून कळले. दुसऱ्या दिवशी मी त्याला शोधले. तो आला नव्हता. पुढेही आला नाही.

"या एका तारेपायी बाकीची आकृती चेपून जाते आहे, बाबा," कन्या म्हणाली. "काढून टाकू का ती?"

"नको ग. राहू दे."