दोर नव्हे, टो-बार



2003 साली आमच्या धाकट्या बंधूंनी लष्करी लिलावातला जुना शक्तिमान ट्रक बेळगावात घेतला. जबलपूरला 1959 पासून बनू लागलेले हे ट्रक सैन्याने अनेक वर्षे वापरले. इंजिन बंद होते, म्हणून निपाणीपर्यंत ओढत न्यायचे ठरले. दुसऱ्या दिवशी शाळा. घाईघाईने आम्ही दोर आणला.

निवृत्त फौजी ड्रायव्हरमामांनी तो बाजूला ठेवला. "सर, दोर चढावर ओढील. तवंदीच्या उतारावर मागची गाडी कोण आवरणार?" लोखंडी टो-बार मिळेपर्यंत ते हलले नाहीत. ट्रकचा प्रोपेलर शाफ्टही त्यांनी सोडवला. नाहीतर चाकांबरोबर गिअरबॉक्स फिरतो, पण बंद इंजिनामुळे आत तेल पोचत नाही. आमची एक रजा गेली. आम्ही कुरकुरलो.

घाटात म्हशी आडव्या आल्या. पुढच्या गाडीने ब्रेक मारला. मागचा ट्रक रेटला, पण टो-बारने अंतर राखले. त्या ट्रकच्या स्टिअरिंगवर आमचे बंधू होते.

'घाई करू नका' असे आम्ही तुम्हांला रोज सांगतो. त्या दिवशी घाई आमचीच होती. मामांनी ऐकले नाही, म्हणून बंधू घरी आले.